तीन सेंटिमीटरची पट्टी: व्हीएचएल कुटुंबे आणि मूत्रपिंड वाचवण्याचा निर्णय

ज्या माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांत कर्करोगाच्या गाठी आयुष्यभर एकामागून एक उगवत राहणार आहेत, त्याच्यावर शस्त्रक्रिया नेमकी केव्हा करायची, हा या प्रकरणातला मूळ प्रश्न आहे. गाठ दिसली की लगेच काढायची असे ठरवले, तर थोड्याथोड्या वर्षांनी पोट उघडावे लागते, दर खेपेला मूत्रपिंडाचा काही निरोगी भाग गमवावा लागतो आणि आधीच्या शस्त्रक्रियेने आतले सगळे चिकटून बसलेले असल्यामुळे पुढची शस्त्रक्रिया अधिक अवघड होते. थांबायचे ठरवले, तर गाठ फुप्फुसात किंवा हाडात पसरण्याची धास्ती असते. दोन्ही मूत्रपिंडे काढूनच टाकली, तर तिशी-चाळिशीतला माणूस डायलिसिसच्या खुर्चीला बांधला जातो. १९८० च्या दशकापर्यंत या तीन वाटांपैकी कोणती धरायची, हे बरेचसे त्या त्या शल्यविशारदाच्या स्वभावावर अवलंबून होते.

हा आजार म्हणजे व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ रोग, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही व्हीएचएल म्हणतात. साधारण ३६,००० जन्मांमागे एकाला तो होतो. त्याच्या जनुकाचा शोध १९९३ मध्ये लागला, त्याच्या कार्यपद्धतीचा उलगडा करणाऱ्या संशोधनाला २०१९ चे नोबेल मिळाले आणि त्यावरचे पहिले औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाले. या कथेत जनुक आणि नोबेल यांनाच मोठी जागा मिळते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु १९९३ आणि २०२१ यांच्यामध्ये जी अठ्ठावीस वर्षे गेली, त्या काळात या कुटुंबांची मूत्रपिंडे कशाने वाचली, असे विचारले तर माझ्या मते उत्तर वेगळे येते. रक्ताची एक जनुकीय तपासणी आणि स्कॅनवर ठेवलेली तीन सेंटिमीटरची पट्टी, या दोन साध्या गोष्टींनी ते काम केले. आणि पट्टी कोणाला लावायची हे तपासणीवाचून कळले नसते, म्हणून त्या दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

रोगाचे जोडनाव दोन वेगळ्या विषयांतल्या माणसांवरून पडले आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिप्पेल यांनी १९०४ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांच्या गाठींचे वर्णन केले. स्वीडनचे विकृतिशास्त्रज्ञ आर्विड लिंडाऊ यांनी १९२६ मध्ये लहान मेंदूतल्या तशाच गाठींचा अभ्यास करताना डोळ्यातल्या गाठी, मेंदूतल्या गाठी आणि मूत्रपिंड व स्वादुपिंडातल्या पाण्याच्या गाठी हे एकाच रोगाचे आविष्कार असल्याचे दाखवले. हे एकत्र पाहणे आजही सोपे नाही. रुग्ण डोळ्यासाठी एका डॉक्टरकडे, डोकेदुखीसाठी दुसऱ्याकडे आणि रक्तदाबासाठी तिसऱ्याकडे जातो. ‘घरात आणखी कोणाला हा आजार होता का?’ असे विचारले, तर उत्तर सहसा ‘नाही’ असेच येते, कारण काका ‘डोक्यातल्या गाठीने’ गेलेले असतात आणि आजी ‘किडनीच्या दुखण्याने’, आणि या दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे घरात कोणाच्या मनातही आलेले नसते.

जनुकाचा माग

अमेरिकेत मेरिलंड राज्यातल्या बेथेस्डा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मूत्ररोग शल्यविशारद मार्स्टन लाइनहन यांनी १९८० च्या दशकात हा विषय हाती घेतला, तेव्हा मूत्रपिंडाचा कर्करोग हा एकच आजार मानला जात असे आणि त्यावर शस्त्रक्रियाही एकच होती. त्याच संस्थेच्या फ्रेडरिक येथील प्रयोगशाळेतले बर्टन झबार आणि मायकेल लर्मन हे त्यांचे सहकारी. त्यांनी सुरुवात आनुवंशिक रुग्णांपासून केली नाही. कौटुंबिक इतिहास नसलेल्या सामान्य रुग्णांच्या गाठींपासून केली.

त्या काळची पद्धत डोळ्यांना दिसणारी होती. एकाच माणसाच्या रक्तातला आणि गाठीतला डीएनए शेजारी शेजारी लावून क्ष-किरण फिल्मवर उमटवला जाई. आईकडून आलेली प्रत आणि वडिलांकडून आलेली प्रत वेगवेगळ्या लांबीची असेल, तर रक्ताच्या रांगेत दोन काळ्या रेघा दिसत. गाठीच्या रांगेत त्यातली एक रेघ पुसट झालेली किंवा नाहीशी झालेली असली, की गुणसूत्राचा तेवढा तुकडा गाठीने टाकून दिला आहे असे समजायचे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ज्या ११ रुग्णांबाबत ही तुलना करता आली, त्या अकराही जणांच्या गाठींत तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरची रेघ गायब होती. जनुकशास्त्रात अकरापैकी अकरा हा निकाल क्वचितच मिळतो.

तिसऱ्या गुणसूत्राकडे बोट यापूर्वीही दाखवले गेले होते. १९७९ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्या कुटुंबातल्या दहा जणांना मूत्रपिंडाचा कर्करोग झाला होता आणि तिसऱ्या व आठव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल त्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आली होती. गुणसूत्र जिथे तुटले होते, तिथेच दोषी जनुक असणार, असा तर्क कोणीही केला असता. तो चुकीचा निघाला. तुटण्याची जागा आखूड भुजेच्या मधोमध, १४ क्रमांकाच्या पट्ट्यात होती; व्हीएचएल जनुक मात्र टोकाशी, २५-२६ च्या पट्ट्यात सापडले. पुढे १९९० च्या दशकात त्या कुटुंबाच्या गाठी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा कोडे सुटले. तिसऱ्या गुणसूत्राचे जे टोक आठव्याला जाऊन चिकटले होते, ते जोड-गुणसूत्रच गाठींतून हरवत होते, आणि त्याबरोबर त्यावरची व्हीएचएलची प्रतही जात होती. म्हणजे त्या कुटुंबाने दिलेली खूण खरी होती. वाचणाऱ्यांनी ती शब्दशः वाचली होती.

सामान्य गाठींवरून माग काढण्याची एक मर्यादा होती. गाठीतून गुणसूत्राचा फार मोठा तुकडा एकदम जातो, त्यात शेकडो जनुके असतात, आणि त्यातले गुन्हेगार कोणते हे त्यावरून ओळखता येत नाही. म्हणून आनुवंशिक कुटुंबांकडे वळणे भाग होते. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ अल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या ‘दोन आघातां’च्या कल्पनेनुसार अशा कुटुंबातल्या रुग्णाला एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते आणि दुसरी प्रत एखाद्या पेशीत नंतर बिघडली की गाठ सुरू होते, म्हणून त्यांना गाठी लवकर, अनेक आणि दोन्ही बाजूंना होतात. १९८८ मध्ये बॉस्टनच्या गटाने व्हीएचएल रोगाचा वारसा तिसऱ्या गुणसूत्राच्या याच भुजेबरोबर चालतो हे दाखवले आणि सामान्य कर्करोगाचा व आनुवंशिक रोगाचा माग एका ठिकाणी आला.

त्यानंतरच्या पाच वर्षांत बेथेस्डाला कुटुंबेच्या कुटुंबे येत राहिली. त्यांची डोळ्यांपासून पोटापर्यंत तपासणी होई, कोणाला रोग आहे आणि कोणाला नाही हे वंशवृक्षावर भरले जाई, आणि रक्त सगळ्यांचेच घेतले जाई. इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. जनुकाची गुणसूत्रावरची जागा दाखवणाऱ्या नकाशासाठी आजारी माणसाइतकेच निरोगी नातेवाइकाचे रक्त मोलाचे असते. सत्तरी ओलांडूनही काहीच न झालेली आत्या गुणसूत्राचा कोणता तुकडा घेऊन जगते आहे, हे कळल्याशिवाय तिच्या आजारी भावाच्या तुकड्याला अर्थ येत नाही. स्वतःला काही झालेले नसताना, काही मिळणार नसताना हे लोक सुईसमोर हात धरत होते.

२८ मे १९९३ च्या ‘सायन्स’ नियतकालिकात जनुक सापडल्याचे जाहीर झाले. पहिले नाव फरिदा लतिफ यांचे होते. अमेरिकी गटाबरोबर केंब्रिजचे एमन मेहर यांचा गटही त्यात होता. २२१ व्हीएचएल घराण्यांपैकी २८ घराण्यांत त्या जागेच्या डीएनएमध्ये मोडतोड आढळली होती आणि त्यांतल्या १८ मध्ये जनुकाचाच तुकडा गळालेला होता. जनुक लहान निघाले. त्याचे तीन खंड आणि त्यावरून बनणारे २१३ अमिनो आम्लांचे प्रथिन एवढाच त्याचा संसार. पुढच्याच वर्षी, वारसा नसलेल्या सामान्य रुग्णांच्या ‘क्लिअर सेल’ प्रकारच्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक गाठींत हेच जनुक बिघडलेले असल्याचे दिसले. मूत्रपिंडाच्या कर्करोगात हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्यामुळे छत्तीस हजारांत एकाला होणाऱ्या रोगाचे संशोधन एकाएकी सर्वांच्या कामाचे झाले.

पट्टी कुठून आली

जनुक हाती आले तरी वॉर्डातल्या रुग्णासाठी त्या दिवशी काहीच बदलले नव्हते. उलट १९९५ मध्ये त्याच संस्थेतून आलेल्या एका अभ्यासाने शल्यविशारदांची पंचाईत केली. मॅक्लेलन वॉल्थर आणि सहकाऱ्यांनी व्हीएचएल रुग्णांच्या मूत्रपिंडाचा वरकरणी निरोगी दिसणारा भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि हिशेब केला, की सदतिशीच्या आसपासच्या अशा रुग्णाच्या एका मूत्रपिंडात सुमारे ६०० सूक्ष्म घन गाठी आणि ११०० सूक्ष्म द्रवकोश असू शकतात. हा आकडा वाचल्यावर ‘सगळे साफ करून टाकू’ ही भाषाच संपते. शस्त्रक्रियेने या मूत्रपिंडातला रोग कधीच निपटून काढता येणार नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागला.

मग प्रश्न उलटा मांडला गेला. गाठी राहणारच असतील, तर कोणत्या आकारापर्यंत त्या राहू दिल्या तरी शरीरात पसरत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हते. वर्षानुवर्षे तपासणीला येणाऱ्या कुटुंबांच्या फायलींत होते. १९९९ मध्ये वॉल्थर यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ज्या ५२ रुग्णांची सर्वांत मोठी घन गाठ तीन सेंटिमीटरच्या आत होती, त्यांच्यापैकी एकाचाही कर्करोग पसरला नव्हता. ज्या ४४ जणांची गाठ त्याहून मोठी झाली होती, त्यांच्यापैकी ११ जणांचा पसरला होता. २००४ मध्ये संख्या वाढवून पुन्हा पाहिले गेले, तेव्हा लहान गाठींच्या १०८ रुग्णांत पसरण्याचे प्रमाण पुन्हा शून्य आणि मोठ्या गाठींच्या ७३ रुग्णांत २० असे आढळले.

यावरून जी रीत पडली ती अशी. गाठी तीन सेंटिमीटरच्या आत असेपर्यंत ठरावीक काळाने स्कॅन काढून नजर ठेवायची. सर्वांत मोठी घन गाठ तीनला टेकली, की त्या मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया करायची, आणि एकदा हात घातलाच आहे तर मोठीबरोबर सापडतील तेवढ्या लहान गाठीही काढायच्या. मूत्रपिंड कापून अर्धे करायचे नाही, गाठ तेवढी तिच्या वेष्टणासकट सोलून काढायची. वरून न दिसणाऱ्या गाठींसाठी सोनोग्राफीचा छोटा प्रोब थेट मूत्रपिंडावर टेकवून आत पाहतात. बाहेर आलेली गाठ कापली तर आतून सोनेरी पिवळी दिसते, कारण तिच्या पेशी चरबी आणि ग्लायकोजेनने भरलेल्या असतात. काचपट्टी तयार करताना ही चरबी विरघळून जाते आणि पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात; ‘क्लिअर सेल’ हे नाव त्या रिकामपणावरून पडले आहे. रुग्णाने स्वतःची गाठ पाहायला मागितली, तर नाव आणि रंग यांचा मेळ त्याला लागत नाही.

या पट्टीवर डोळे झाकून विसंबू नये. तीन सेंटिमीटर ही निसर्गाने आखलेली सीमा नाही. २.९ सेंटिमीटरची गाठ शहाणी आणि ३.१ ची उधळी, असे काही नसते. ही आकडेवारी एका मोठ्या केंद्रात सतत नजरेखाली असलेल्या रुग्णांची आहे, आणि ‘तीनहून मोठ्या’ या गटात बऱ्याच मोठ्या गाठीही मोडतात. मोजायचा असतो तो गाठीचा घन भाग. पाण्याची पिशवी मोठी दिसली म्हणून घाई करायची नसते. आणि वर्षभराने स्कॅनला न येणाऱ्या माणसाला ही पट्टी काहीही संरक्षण देत नाही. एका बाजूला पसरण्याचा धोका आणि दुसऱ्या बाजूला मूत्रपिंडाचे आयुष्य, यांच्यातला तो सौदा आहे, आणि सौदा म्हणूनच तो समजून घेतला पाहिजे.

कोणाला पट्टी आणि कोणाला नाही

पट्टी वापरण्याआधी माणूस कोणत्या जनुकाचा आहे हे कळावे लागते. सुरुवातीच्या तपासणीत बऱ्याच कुटुंबांतला बदल सापडतच नसे, कारण डीएनएच्या अक्षरांतला बदल शोधणाऱ्या पद्धतीला संपूर्ण तुकडा गळाल्याचे कळत नाही. दोन प्रतींपैकी एक शाबूत असते आणि यंत्र तीच वाचून ‘सर्व ठीक’ म्हणते. १९९८ मध्ये कॅथरीन स्टोल यांच्या गटाने गळालेले तुकडे मोजण्याची पद्धत जोडून ९३ पैकी ९३ कुटुंबांत बदल शोधून दाखवला. त्याचा परिणाम सर्वांत आधी मुलांवर झाला. आई किंवा वडिलांना व्हीएचएल असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आणि तोवर सगळ्याच मुलांना लहानपणापासून डोळे, मेंदू आणि पोट यांच्या फेऱ्यांतून जावे लागत होते. घरातला बदल नेमका ठाऊक झाल्यावर ज्यांना तो मिळाला नव्हता, त्यांची या फेऱ्यांतून कायमची सुटका झाली.

बदल नेमका कोणता, यालाही अर्थ असतो. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागात व्हीएचएलची अशी अनेक घराणी आहेत, ज्यांत मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथीच्या, रक्तदाब उसळवणाऱ्या गाठी वारंवार होतात पण मूत्रपिंडाचा कर्करोग क्वचित होतो. या घराण्यांत प्रथिनाच्या ९८ व्या जागी टायरोसीनऐवजी हिस्टिडीन बसलेले आढळले, आणि तोच बदल अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या कुटुंबांतही निघाला. एका पूर्वजाची खूण समुद्र ओलांडून गेली होती. आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयाच्या अंतःस्रावशास्त्र विभागाने ॲड्रीनलच्या अशा गाठींच्या रुग्णांची जनुकीय तपासणी केली, तेव्हा काही जणांत व्हीएचएलमधले बदल आढळले. अशा रुग्णाच्या बाबतीत रक्तदाबाची गाठ काढून प्रकरण मिटत नाही. मूत्रपिंडांचे आणि डोळ्यांचे स्कॅन तिथून सुरू होतात, आणि भावंडांचेही.

जनुकाने निर्णय कसा उलटतो, याचे सर्वांत कठोर उदाहरण मात्र दुसऱ्या रोगाचे आहे. फ्युमरेट हायड्रेटेज या एन्झाइमच्या जनुकात जन्मजात बिघाड असलेल्या कुटुंबांत त्वचेवर आणि स्त्रियांच्या गर्भाशयात स्नायूंच्या गाठी होतात आणि काहींना मूत्रपिंडाचा कर्करोग होतो. २००२ मध्ये हे जनुक ओळखले गेले. या कुटुंबांतला मूत्रपिंडाचा कर्करोग अगदी लहान असतानाच पसरतो, म्हणून तिथे वाट पाहायची नसते. गाठ दिसली की आजूबाजूच्या पुरेशा निरोगी भागासह ती काढायची असते. म्हणजे सीटी स्कॅनवर दीड सेंटिमीटरच्या दोन गाठी शेजारी ठेवल्या, तर एकीला ‘पुढच्या वर्षी पाहू’ हा योग्य सल्ला आहे आणि दुसरीला तोच सल्ला प्राणघातक ठरू शकतो. तरुण वयात मूत्रपिंडाची गाठ निघाली, तर गर्भाशयाच्या गाठींसाठी घरात कोणाची शस्त्रक्रिया झाली होती का, हा प्रश्न विचारायलाच हवा. विचारला जातो तो फार थोड्या वेळा.

प्राणवायूचा गैरसमज

दरम्यान त्या लहानशा प्रथिनाचे काम काय, याचा शोध तीन ठिकाणी चालला होता. बॉस्टनच्या विल्यम केलिन यांचे लक्ष वेधले ते व्हीएचएलच्या गाठींमधल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने, आणि काही रुग्णांत तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढतात या निरीक्षणाने. प्राणवायू कमी पडला की शरीर नेमके हेच करते. बाल्टिमोरला ग्रेग सेमेन्झा यांनी प्राणवायूच्या टंचाईत जागे होणारे एचआयएफ हे प्रथिन शोधले होते. १९९९ मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर रॅटक्लिफ यांच्या गटाने व्हीएचएल प्रथिन एचआयएफला पकडून नष्ट करवते हे दाखवले, आणि २००१ मध्ये केलिन व रॅटक्लिफ या दोघांच्या गटांनी त्याची किल्ली सापडल्याचे एकाच वेळी जाहीर केले: पुरेसा प्राणवायू असला की एचआयएफमधल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर एक हायड्रॉक्सिल गट (प्राणवायू-हायड्रोजनची जोडी) बसतो, त्या खुणेवरून व्हीएचएल त्याला ओळखते आणि पेशीच्या मोडीत काढण्याच्या यंत्रणेकडे पाठवते. व्हीएचएल नसले, तर एचआयएफ साचत जाते. पेशीभोवती प्राणवायू भरपूर असूनही ती गुदमरल्यासारखी वागते, रक्तवाहिन्या मागवते, साखर ओढते.

रक्तवाहिन्यांचा हा संदेश अडवणारी सोराफेनिब आणि सुनिटिनिब ही औषधे २००५-०६ मध्ये आली आणि पसरलेल्या मूत्रपिंड-कर्करोगाचे उपचार बदलले. एचआयएफलाच थेट अडवणे मात्र बराच काळ अशक्य मानले जात होते, कारण अशा प्रकारच्या प्रथिनावर औषध रुतून बसेल अशी खाच सहसा नसते. डॅलसच्या टेक्सस विद्यापीठातल्या संशोधकांना एचआयएफच्या एचआयएफ-२ या प्रकारात ती सापडली आणि त्यातून बेल्झुटिफॅन हे औषध तयार झाले. ६१ व्हीएचएल रुग्णांच्या चाचणीत ४९ टक्क्यांच्या मूत्रपिंडातल्या गाठी ठरलेल्या निकषाइतक्या आकसल्या. मेंदूतल्या, डोळ्यांतल्या आणि स्वादुपिंडातल्या गाठींवरही परिणाम दिसला. सुमारे नव्वद टक्के रुग्णांना रक्तक्षय झाला, आणि तो व्हायचाच होता, कारण तांबड्या पेशी वाढवणारा संप्रेरक याच एचआयएफ-२ च्या हुकमावर बनतो. ज्या खुणेवरून केलिन यांनी सुरुवात केली होती, तीच आता दुष्परिणामांच्या रकान्यात आली. गर्भाला अपाय होण्याचा ठळक इशाराही या औषधावर आहे, आणि तिशीतल्या रुग्णांच्या रोगात ही गोष्ट लहान नाही.

१३ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने व्हीएचएलसाठी त्याला मंजुरी दिली. त्या मंजुरीच्या मजकुरात ‘तातडीची शस्त्रक्रिया आवश्यक नसलेल्या’ गाठींसाठी अशी अट आहे. शस्त्रक्रिया तातडीची आहे की नाही, हे मूत्रपिंडाच्या बाबतीत अजूनही क्ष-किरण विभागातल्या पडद्यावर ठरते: गाठीच्या घन भागाच्या एका कडेवर क्लिक, समोरच्या कडेवर दुसरे क्लिक, आणि मधल्या रेघेवर उमटलेला आकडा.